एम्पारेदादा

१

मार्सेलला शब्दांची खोड होती. कुणाला तपकिरीची असते, कुणाला गळ टाकून बावखलाच्या पाण्याकाठी बसायची असते, तशी. शाळेत मराठी शिकवायचा आणि मे महिन्याची सुट्टी लागली, की सायकलच्या दांडीला पिशवी अडकवून वसईच्या वाड्यावाड्यांतून हिंडायचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायचं, पोर्तुगिजांच्या वेळचा एखादा शब्द त्यांच्या तोंडून निसटला की कार्डावर उतरवायचा, आणि घरी येऊन त्याचं कूळ शोधत बसायचं. चावी, बादली, घमेलं, परात, पगार अशी कार्डं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवली होती. विनी, त्याची बायको, म्हणायची, "लोकांच्या घरात सोनं जमतं, आमच्या घरात घमेलं."

त्या साली, म्हणजे आणीबाणी उठून निवडणुका झाल्या त्या साली, विनीचे दिवस भरत आले होते. याआधी दोनदा पाळणा बांधायच्या आतच सगळं आटोपलं होतं, आणि दोन्ही वेळा मार्सेल घरी नव्हता. एकदा पेपर तपासायला गेला होता, एकदा कुठल्याशा म्हातारीकडे शब्द ऐकत बसला होता. विनीने त्यावरून कधी तोंड वाजवलं नाही. पण या खेपेला तिने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "या वेळी जवळ असा. दुसरं मला काय पन नको."

"असेन," मार्सेल म्हणाला होता. आणि तो मनापासून म्हणाला होता, याबद्दल शंका नको.

फक्त एक शब्द राहिला होता. वटारला त्याच्या क्लेमेंटीनमावशीचं घर होतं. गावात त्या घराला सगळे 'परदाद घर' म्हणायचे. का म्हणायचे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. एक म्हणे पडद्यावरून, दुसरा म्हणे पारड्यावरून. मार्सेलला दोन्ही पटेनात. दातात अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखा तो शब्द सारखा जिभेला लागत होता. वटार काही लांब नव्हतं. दुपारी जायचं आणि रात्रीच्या जेवणाला परत यायचं.

२

मावशीचं घर तसं नीटनेटकं होतं. केळीची वाडी, दारात विहीर, दोन वर्षांमागे घातलेली नवी मंगलोरी कौलं, ओट्यावर गुळगुळीत सिमेंट. मावशी अंथरुणाला टेकलेली. आता औषधाचा उपयोग नाही असं डॉक्टर सांगून गेले होते. तिची मुलगी बेला पन्नाशीला आलेली, बिनलग्नाची, अबोल. वाडीही तीच बघायची आणि आईलाही.

'परदाद' म्हणजे काय, असं विचारल्यावर मावशी "बापाच्या आधीपासून म्हनतात," एवढंच म्हणाली आणि कूस बदलली.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली. बेलाने मावशीला उठवून मधल्या खोलीत आणलं, आल्तारवरच्या क्रूसापुढे मेणबत्ती लावली. रोजरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, वेळी आलेला पाहुणा उठून जात नाही, म्हणून मार्सेलही गुडघे टेकून बसला. आल्तार घराच्या मधल्या भिंतीला होता. त्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाकडी झडप असलेली एक खिडकी होती, फार तर ताट सरकेल एवढी. असेल कोनाडा, असं मार्सेलला वाटलं.

रोजरी कशी म्हणतात ते वसईच्या पोराला आईच्या दुधाबरोबर कळतं. एकाने 'नमो मारिये' म्हणून पहिला अर्धा म्हणायचा, बाकीच्यांनी 'पवित्र मारिये' म्हणून दुसरा अर्धा पुरा करायचा. मणी पुढे सरकवायचा, पुन्हा तेच. झोपेत कुणी पहिला अर्धा म्हटला तरी माणूस झोपेतच दुसरा म्हणेल.

मार्सेल वाट पाहत होता. मावशी गप्प, बेला गप्प. पहिल्या अर्ध्याला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दोघी मान खाली घालून बसल्या आणि मग एकदम, एका दमात म्हणाल्या, "पवित्र मारिये..."

मणी सरकला. पुन्हा तीच शांतता. पुन्हा दुसरा अर्धा.

पन्नास मणी असेच गेले. शांततेत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येई आणि बाहेर केळीच्या पानांचा आवाज. मार्सेलची जीभ शिवशिवत होती. शेवटी त्याने मान खाली घातली आणि त्या दोघींबरोबर दुसरा अर्धा म्हणू लागला. पाहुण्याने यजमानाचं शास्त्र शिकवू नये.

निघताना त्याने बेलाला ओट्यावर गाठलं. "बेलाबाय, पहिला अर्धा कोण म्हणतं गं?"

"आमच्या घरात असंच हाय," बेला म्हणाली. तिच्या हातात पेजेची वाटी होती. ती आत निघाली होती आणि मावशी तर मघाशीच जेवली होती.

३

फादर फ्रेडरिक निवृत्त होऊन बसले होते. पोर्तुगीज आणि लॅटिन येणारा माणूस आता वसईत शोधून सापडायचा नाही, आणि ते ज्यांना येत होतं त्या फादरना कुणी विचारायला येत नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मार्सेलने शब्द टाकताच ते खुर्चीत ताठ झाले. पण ऐकताच हसले नाहीत.

"एम्पारेदादा," ते म्हणाले. "पहिलं अक्षर लोकांनी खाल्लं, शेवटचं झिजलं. पारेद म्हणजे भिंत. लॅटिन पारिएस, त्यावरून पारेद. एम्पारेदादा म्हणजे भिंतीत घातलेली."

"शिक्षा?"

"नाही रे. स्वतः मागून घेतलेलं. पोर्तुगालात जुन्या काळी बायका असं करत. एवढीशी खोली, आत जायचं आणि दार चिणून घ्यायचं. आत जाण्याआधी चर्चमध्ये तिच्या नावाने मयताची मिस्सासुद्धा व्हायची. एक बारकी खिडकी ठेवायची, अन्नाला. ती आतून प्रार्थना सुरू करायची आणि बाहेरचे पुरी करायचे."

मार्सेलच्या अंगावर काटा आला. पण तो आनंदाचा होता. ते घर, ती खिडकी, ती शांतता! कुणी बाई दोनशे वर्षांमागे त्या भिंतीत बसली, मेली, आणि घराने तिच्या वाट्याची जागा अजून मोकळी ठेवली होती. बाई गेली, तिचा अर्धा राहिला. असा शब्द हजारात एक सापडतो.

"आणि ती मेल्यावर?" त्याने उठता उठता विचारलं.

फादर खिडकीबाहेर बघत होते. "जागा रिकामी ठेवत नसत," ते म्हणाले. मग म्हणाले, "शब्द मिळाला ना तुला? मग आता घरी जा, मार्सेल. बायको अवघडलेली आहे."

घरी आल्यावर त्याने विनीला सगळं सांगितलं. तिचा चेहरा ओढलेला होता, पाठीत कळा येऊन जात होत्या. शेजारची पॉलिन म्हणाली, अजून दोनचार दिवस आहेत. तेवढ्यावर मार्सेलने सायकल काढली.

"आज नका जाऊ," विनी म्हणाली.

"गेलो आणि आलो. ती भिंत नीट बघतो, एवढंच."

विनीने मान फिरवली. तो गेला. शब्द मिळाला की माणूस शहाणा होतो, असं थोडंच आहे?

४

भिंत त्याने दिवसाउजेडी बघितली. मधल्या खोलीच्या बाजूने आल्तार, मागच्या खोलीच्या बाजूने भाताची कणगी. चुन्याखाली कुठे दार असल्याची खूण दिसेना. झडपेला हात लावला तर बेला म्हणाली, "राहू दे, बाबा." रागाने नाही, पोराला चुलीपासून दूर सारावं तसं. त्याने हात काढून घेतला.

निघायला उशीर झाला आणि घंटा झाली.

त्या संध्याकाळी मावशीचा श्वास लागला होता. तरी बेलाने तिला उचलून आणून भिंतीला टेकवून बसवलं. मेणबत्ती लावली. शांतता पडली आणि त्या शांततेत मार्सेलला वाटलं, की आज ती कालच्यापेक्षा लांब आहे. मावशीचे ओठ दुसऱ्या अर्ध्यासाठी उघडून राहिले होते, पण ती सुरू करत नव्हती. बेलाने माळेतला मणी तसाच धरून ठेवला होता. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मावशीने बेलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बेला एकाएकी रडू लागली, आवाज न करता.

काय चाललंय ते मार्सेलला कळेना. त्याला एवढंच दिसत होतं, की एक मरायला टेकलेली बाई आहे आणि तिची प्रार्थना अडली आहे. त्यात त्याच्या घरी रोजरी तोच चालवायचा, शाळेतही तोच. अर्धी प्रार्थना अधांतरी ठेवणं त्याला जमणारंच नव्हतं. शिवाय, खोटं का बोला, मनात थोडी ऐटही होती. दोनशे वर्षांत या घरात ज्याचा कुणाला पत्ता नव्हता त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, बिचारीच्या वाट्याचं आपण म्हणून टाकू.

"नमो मारिये," मार्सेल म्हणाला, आणि पहिला अर्धा त्याने स्वच्छ, खणखणीत आवाजात पुरा केला.

बेलाने त्याच्याकडे असं पाहिलं, की जन्मात कुणी त्याच्याकडे तसं पाहिलं नव्हतं. मग दोघींनी दुसरा अर्धा म्हटला, घाईघाईने, जवळजवळ ओरडून, जणू कुणी शब्द माघारी घेईल. मणी सरकला. मार्सेलने पुन्हा पहिला म्हटला. थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नव्हतं. एक मणी संपला की दुसरा तोंडात तयार असे. पन्नास मणी झाले.

शेवटी मावशीने हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "देव तुझं भलं करो, बाबा," ती म्हणाली. "माझी बेला सुटली."

५

"मी निघतो," मार्सेल म्हणाला.

"हो," बेला म्हणाली, पण उठली नाही.

तो मधल्या खोलीतून ओट्याकडे गेला. दारातून बाहेर पाऊल टाकलं तर समोर आल्तार होता. हसू आलं त्याला. तिन्हीसांजेची वेळ, घरात दिवा नाही, त्यात रोजरीभर गुडघ्यांवर बसून पायांना मुंग्या आलेल्या; वळताना चुकलो असू. तो वळला आणि पुन्हा दारातून बाहेर पडला. आल्तार. मेणबत्ती तीच, तिचा ओघळ तेवढाच.

कपाळाला हात लावून पाहिला तर कपाळ तापलं होतं. आता मात्र त्याच्या जिवात जीव आला. ताप आहे, म्हणूनच हे. उन्हातान्हातून सायकल हाणली, पोटात काही नाही, असं होणारच. "बेलाबाय, जरा पडतो," तो म्हणाला. "पण विनीला निरोप धाडा. उजाडलं की निघतो म्हणावं."

बेलाने त्याला हाताला धरून नेलं. तिचा हात गार होता, आणि दयाळू होता. पुढे कितीतरी वेळ त्याला तेवढंच आठवत राहिलं. चटई, उशी, पांघरूण, सगळं आधीच घातलेलं होतं.

६

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. उजेड खालून येत होता, जमिनीलगतच्या चौकोनातून. त्याच्या अंगावर पडलेला तो उजेड ताटाएवढा होता.

चौकोनातून एक हात आत आला आणि पेजेची वाटी ठेवून गेला.

"बेलाबाय, दार कुठल्या बाजूला आहे?"

"झोप, बाबा. ताप हाय तुला."

ताप होताच. त्याने उठून उजवीकडे हात लांबवला, भिंत लागली. डावीकडे लांबवला, भिंत लागली. मागे सरला तर पाठ टेकली. अंथरूण कोपऱ्यात घातलं असेल, त्याने मनाला समजावलं. कोपऱ्याला दोनच भिंती असतात, हे मन लगेच म्हणालं; पण तापात मनाचं किती ऐकायचं? तो बसून राहिला. भिंतीच्या चुन्याला हातांनी घासून गुळगुळीत केलेली एक जागा होती, बसल्यावर तळवा नेमका टेकेल अशा उंचीवर. त्याने तिथून हात काढून घेतला.

मग त्याने हाक मारली. विनीला निरोप गेला का, एवढंच विचारायचं होतं त्याला. ते वाक्य त्याने मनात नीट जुळवलं, आणि तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते "नमो मारिये."

भिंतीपलीकडून बेलाचा आवाज आला, शांत, समाधानी. तिने दुसरा अर्धा पुरा केला.

मार्सेल तोंडावर दोन्ही हात दाबून बसला. विनी अवघडलेली आहे, तो मनात म्हणत राहिला. विनी अवघडलेली आहे आणि मी तिला वचन दिलंय. ताप उतरला की जाईन. संध्याकाळपर्यंत उतरेल. आज नाही तर उद्या.

७

ताप उतरत नव्हता एवढं खरं. वाटी येत होती, जात होती. रिकामी वाटी आपणच सरकवत असू, असं त्याला वाटे. जेवल्याचं मात्र आठवत नसे. एके दिवशी पलीकडे खूप माणसांचे पाय वाजले, शवपेटी ओट्याला घासल्याचा आवाज झाला. मावशी गेली, एवढं कळलं. तिला मूठमाती द्यायला आपण जायला हवं, असं मनात येतं न येतं तोच बाहेर कुणीतरी मण्यांना हात घातला असावा, कारण त्याचं तोंड आपोआप सुरू झालं. एवढी माणसं उत्तर देत होती. त्यातल्या एकालाही, कोण म्हणतंय, असं विचारावंसं वाटलं नाही.

पुढे कधीतरी बेलाचा आवाज यायचा थांबला. तिचा भाऊ नाताळाला मुंबईहून आला होता, तो तिला घेऊन गेला. जाताना ती हसत होती. बेलाबाय हसली की कशी हसते, हे मार्सेलने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

म्हणजे नाताळ झाला? त्याने विचार केला. नाही, ते शक्य नव्हतं. परवापरवापर्यंत मे महिना होता. तापात काळवेळ कळत नाही, एवढंच. शेजारच्या घरातून रेडिओ ऐकू येई, तोही आता वेगळाच वाटायला लागला होता: गाणी कमी आणि माणसांची बोलणी जास्त, मधेच टाळ्या. पोरं ओरडली, "टीव्ही लागला, टीव्ही लागला!" त्याने कान बंद करून घेतले.

८

मग एका संध्याकाळी, घंटा झाल्यावर, पलीकडे कुणीतरी गुडघे टेकले. बांगड्या वाजल्या. त्या कशा वाजतात ते मार्सेलला कुणी सांगायची गरज नव्हती.

विनी.

तो भिंतीला छातीने चिकटला. ती इथे पाहुणी म्हणून आली होती की या घरातच राहायला आली होती, कुणी तिला काय सांगितलं होतं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. ती खोकली, तेवढ्यावरूनच तो ढसाढसा रडला. आणि तिच्या जवळून दुसरा एक आवाज आला, बारीक, कंटाळलेला.

"मम्मी, किती मणी हायेत?"

"गप. हात जोड."

मार्सेलचं रडणं थांबलं. तो आवाज पाच वर्षांच्या मुलीचा तरी होता, कदाचित सहा. बोबडा नव्हता. तो ऐकत राहिला आणि त्याला मनातल्या मनात तारखा जुळवाव्या लागल्या. त्या जुळल्या तेव्हा त्याने आणखी काही जुळवायचं सोडून दिलं. पोर जगलं होतं. मुलगी होती. आपण जवळ नव्हतो.

"मम्मी, आधी कोन म्हनते?"

विनीने तिचे हात पुन्हा जुळवले.

मग झडप हलली. उजेडाचा चौकोन आत आला आणि त्या चौकोनात एक चेहरा वाकला. विनीचं नाक, त्याच्या आईचं कपाळ, पुढचा एक दात पडलेला. हात पुढे केला असता तर गालाला लागला असता, इतक्या जवळ. मुलीने आत उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यातून आरपार मागच्या भिंतीकडे.

"मम्मी," ती म्हणाली, "आत कोनच नाय."

"म्हाईत हाय मला," विनी म्हणाली. तिचा आवाज खूप दमलेला होता. "तू ऐक, आणि उत्तर दे. उत्तर नसेल द्यायचं तर जा, बाहेर खेळ."

मुलगी विचारात पडली. बाहेर पोरं ओरडत होती. तिने एकदा ओट्याकडे वळून पाहिलं आणि झडप सोडायला हात उचलला.

विनी, मी इथे आहे, असं मार्सेलला ओरडायचं होतं. तोंडातून दुसरंच येईल हे त्याला ठाऊक होतं. आणि आता हेही ठाऊक होतं, की आत आल्यापासून त्याने ते कधी आपल्या मर्जीने म्हटलं नव्हतं. म्हटलं गेलं होतं. चुन्यावरच्या त्या गुळगुळीत जागेवर त्याने तळवा टेकला, घसा साफ केला, आणि मुलगी अजून जरा वेळ थांबावी म्हणून, एवढ्याचसाठी, आपण होऊन पहिला अर्धा म्हणायला सुरुवात केली.